फोटोपुरता वसंत

निवृत्त माणसाला सकाळी उठल्यावर दोन कामं असतात. एक म्हणजे गॅसवरच्या दुधाकडे बघणं, आणि दुसरं म्हणजे गुलाबाच्या फुलाखाली 'सुप्रभात' लिहिलेलं चित्र ओळखीच्या प्रत्येकाला पाठवणं. मी दोन्ही एकदम करतो, म्हणून दूध रोज उतू जातं. 2025 च्या मार्चअखेरीस असाच ओटा पुसत होतो, तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला.

"बाबा, ते गुलाब बंद करा."

"का गं? वाईट दिसतो?"

"गुलाब बरा आहे. पण आपल्याकडे गुलाब आहे का? घरात काय चाललंय ते कळू दे ना मला. रोज घरातला एक फोटो पाठवा. एकच."

घरात काय चालणार? डिचोलीत पासष्टीला टेकलेल्या नवरा-बायकोच्या घरात जे चालतं तेच. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यावरून वाद. पण लेक ऐकेना. तिने मला न्यूयॉर्कच्या जेमी लिविंग्स्टनची गोष्ट सांगितली. या माणसाने 31 मार्च 1979 पासून रोज एक पोलरॉइड काढला. पत्ते खेळणारे मित्र, अर्धवट जेवण, रिकामी खुर्ची, जे समोर असेल ते. 25 ऑक्टोबर 1997 पर्यंत, म्हणजे तो गेला त्या दिवसापर्यंत, हे चालू होतं. साडेसहा हजारांच्या वर फोटो जमले. मी मनातल्या मनात माझ्या वयात साडेअठरा मिळवले आणि म्हटलं, आपण वसंत ऋतूपुरतं करू.

भिंतीवरचं कॅलेंडर काढून हिशेब केला. पाडवा 30 मार्चला, वैशाखातली अमावास्या 27 मेला. बरोबर 59 दिवस. लेकीने अटी घातल्या: दिवसाला एकच फोटो, बिघडला तरी तोच पाठवायचा. देव नको, सूर्यास्त नको, फुलं तर नकोतच. आणि कुणाला "हसा" म्हणायचं नाही. ही शेवटची अट तिने उगाच घातली. आमच्या घरात मी सांगितलं म्हणून आजवर कुणी हसलेलं नाही.

पहिल्या दिवशी गुढी. सौ. कळकाला वस्त्र बांधत होती, सकाळचं ऊन तिच्या हातावर पडलं होतं. मी फोन काढला.

"अहो, थांबा! ही साडी?"

ती साडी बदलून आली तोवर ऊन गच्चीवर गेलं होतं, गुढी बांधून झाली होती आणि मुलगा अंघोळीला. मग तिने बांधलेली गुढी सोडली आणि परत बांधायला घेतली. संवत्सराच्या पहिल्याच दिवशी उभारलेली गुढी फोटोसाठी उतरवणारं आमचं एकच घर असणार. एवढं करून फोटोत आलं काय, तर शिडीच्या दोन पायऱ्या, कडुनिंबाची एक डहाळी आणि अर्ध्या आकाशावर पसरलेला माझा अंगठा.

हा अंगठा पहिल्या आठवड्यातल्या सात फोटोंपैकी चारांत होता. लेकीने कळवलं, "अंगठ्याची ओळख झाली. आता घरातल्या इतरांची करून द्या."

इतरांची ओळख करून देणं कठीण होतं, कारण ती माणसं आमच्या घरात राहिलीच नव्हती. फोन बाहेर काढला की सौ.चा आवाज बदलायचा. एरवी "मीठ कुठे मेलं?" म्हणणारी बाई "अहो, जरा मीठ देता का?" म्हणायला लागली. फोटोत आवाज येत नाही हे सांगून पाहिलं. "पण चेहऱ्यावर येतो," ती म्हणाली. पोचे आलेली कढई माळ्यावर गेली. मोरीजवळची फडकी गायब झाली. नळाच्या तोटीला बांधलेली चिंधी सोडली, तर नळ गळायला लागला. घरातलं रोजचं चित्र टिपायचं म्हणून मी रोज सकाळी एक खोली आवरत होतो. मुलगा वेर्ण्याला कामाला जातो. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. त्याचे झोपेतले तीन फोटो पाठवल्यावर त्याने निजायच्या आधी केस विंचरायला सुरुवात केली.

दारावर मासे घेऊन येणारी नुस्तेंवाली तेवढी मोकळी. मी फोन रोखताच ती म्हणाली, "म्हजो फोटो काडटा जाल्यार पयलीं बांगडे घे." घेतले. मग तिने टोपलीतला सर्वांत मोठा इसवण वर काढून दोन्ही हातांत धरला आणि मान तिरकी करून उभी राहिली. फोटो चांगला आला. पण टोपलीतून काढलेला इसवण परत टोपलीत जात नाही, असा त्या धंद्यातला नियम असावा, निदान तिने तसा सांगितला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत महाग फोटो. तरी लेकीने विचारलं, "आईने नवीन सुरी घेतली का?"

एकदा मी लबाडी केली. रोजच्या फोटोंना कंटाळून सौ.ला पहाटे मये तलावावर घेऊन गेलो. थर्मासमध्ये चहा घेतला. म्हटलं, तळ्याकाठी चहा पिणारी घरची बाई, म्हणजे अटीत बसतं. तिथे आमच्या आधी लग्न ठरलेलं एक जोडपं झगमगीत कपड्यांत हजर होतं आणि त्यांच्याबरोबर तीन कॅमेरे. पहिला घोट घेतोय न घेतोय तोच हाक आली.

"काका, फ्रेममध्ये येताय!"

आम्ही सरकलो. परत हाक आली. परत सरकलो. शेवटी आम्ही गाडीजवळ पोहोचलो, तेव्हा त्यांच्यातला एक पोरगा धावत आला. आता मनापासून आभार मानणार असं वाटलं. "काका, हे जरा धराल?" म्हणून त्याने माझ्या हातात एक चंदेरी गोल पडदा दिला. उजेड नवरीच्या गालावर पाडायचा होता. वीस मिनिटं मी तिच्या गालावर उजेड पाडला. मग आभाळ भरून आलं, उजेडच संपला आणि एप्रिल महिन्यात, तलावाकाठी, आम्ही सात जण त्या चंदेरी पडद्याखाली उभे राहिलो. नवरीचा झगा सौ.ने सुरंगीचा गजरा सांभाळावा तसा हातावर सांभाळला होता. त्या दिवशीचा फोटो मी काढलाच नाही, त्यांच्या फोटोग्राफरने माझ्या फोनवरून काढून दिला. त्यात अंगठा नाही म्हणून लेकीने तो खोटा ठरवला.

पाऊस मात्र खरा होता. शाळेत 'माझा आवडता ऋतू' लिहायचो तेव्हा वसंतात कोकीळ असायची, पाऊस नसायचा. आता चैत्रातच कधी मळभ, कधी चार थेंब, कधी एकदम बादली ओतल्यासारखी सर. उकाडा असा की घरातून बाहेर येताच फोनची काच धुरकट व्हायची. बाहेरून पुसली तरी आतून धुरकटच. फोन भिजू नये म्हणून मी तो दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून फोटो काढू लागलो. त्या काळातल्या फोटोंत आमचं घर क्षीरसागरात आहे.

एकदा पिशवीला भोक होतं. फोनने दोन वेळा डोळे मिटले आणि काळा पडला. शेजाऱ्यांनी उपाय सांगितला, तांदळात ठेवा. मी डबा उघडून फोन खोल पुरला. दुसऱ्या दिवशी सौ.ने भातासाठी वाटी घातली आणि तांदळातून माझ्या मेहुण्याचा आवाज आला. फोन सुरू झाला होता. नंतर मुलाने सांगितलं, फोन बनवणाऱ्या अ‍ॅपल कंपनीनेच 2024 मध्ये तांदळात ठेवू नका म्हणून सांगितलंय, दाणे आत जाऊन बिघाड होतो. माझं म्हणणं, ते त्यांच्या लांब, सुळसुळीत तांदळाबद्दल असेल. आमचा उकडा जाडजूड, तो फोनच्या भोकात जाणार कसा? सौ.चं म्हणणं वेगळं होतं. तुमचा फोन कुठल्या कुठल्या खिशातून फिरतो ते मला माहीत आहे, तो डबा मी आता कुत्र्याला घालू की तुम्हाला?

शनिवार-रविवार आम्ही पेडण्याला, सासुरवाडीला. अस्नोडा, कोलवाळ, धारगळ करत जायचं. कोलवाळच्या पुलावर शापोरा नदीचा फोटो काढायचा मोह व्हायचा, पण नदी घरची नाही. घरच्या होत्या त्या सासूबाई. वय ब्याऐंशी, दात स्वतःचे, मतंही स्वतःची.

सगळ्या घरादारात या फोटोंचा उपयोग ओळखलेलं माणूस म्हणजे सासूबाईच. मी फोन काढला की त्या हातातलं काम ठेवायच्या, खुर्ची भिंतीला लावायच्या, डोकीवर पदर घ्यायच्या, कुड्या सारख्या करायच्या आणि श्वास रोखून समोर बघायच्या. मी म्हणायचो, आई, तुम्ही आपली रोजची कामं करत राहा. त्या ओठ न हलवता म्हणायच्या, "काढा लवकर."

तिसऱ्या शनिवारी उलगडा झाला. माजघरात सासऱ्यांचा हार घातलेला फोटो आहे. तो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा करून घेतलेला. सासरे गंभीर आहेत आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर एक हात आहे. फक्त हात. घड्याळ घातलेला.

"पंचवीस वर्षं झाली," सासूबाई म्हणाल्या, "तो हात कुणाचा ते कुणाला सांगता येत नाही. रोज फूल घालते ते त्यालाही पोचतं. माझं तसं व्हायला नको. एक बरासा एकटीचा काढून ठेवा."

त्यानंतर प्रत्येक फोटो त्या तपासायला लागल्या. ह्यात कान दिसत नाहीत. ह्यात मागे मांजर आलं. ह्यात मी आजारी दिसते, लोकांना वाटेल मुलांनी बघितलं नाही.

वैशाख म्हणजे गोव्यात पुरुमेंताचे दिवस. पावसाचे चार महिने घराबाहेर पडायची वेळ आली नाही पाहिजे अशा हिशेबाने सगळं भरून ठेवायचं. बुधवारी डिचोलीचा बाजार, गुरुवारी पेडण्याचा, शुक्रवारी म्हापशाचा. मिरच्या, सुकं नुस्तें, कांद्यांच्या माळा, चिंच, मीठ. आता कोपऱ्यावरचं दुकान पावसातही उघडं असतं आणि सासूबाईंच्या पुढच्या पिढीतली निम्मी माणसं मिरचीपूड पाकिटातून घेतात. पण सासूबाईंचा पावसावर अजून विश्वास आहे, दुकानावर नाही. त्यामुळे त्यांच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नसते. इकडे सोलां, तिकडे आंब्याची साठं, मध्ये दाळीवर, म्हणजे बांबूच्या चटईवर, फणसाचे पापड, आणि या सगळ्याच्या मधोमध काठी घेऊन बसलेल्या सासूबाई. कावळ्यांसाठी काठी, आभाळासाठी कान.

कानांची गोष्ट सांगायला हवी. पूर्वी पेडण्यात आभाळात आवाज झाला तर तो ढगाचा. जानेवारी 2023 पासून मोपाच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली आणि सासूबाईंचं शास्त्र कोसळलं. लांबून गडगड ऐकू आली की त्या ओरडायच्या, "पावस इलो गे! पापड भितर हाडा!" सगळं घर खळ्यात धावायचं, सोलां सुपांत, साठं ताटांत, दाळ्या चौघांनी धरून ओटीवर. आणि मग फणसाच्या झाडावरून एक विमान शांतपणे पोटाखालची चाकं दाखवत जायचं. दिवसाकाठी हे पाच-सहा वेळा. विमानातून खाली पाहणाऱ्यांना वाटत असेल, गोव्यातली माणसं किती उत्साही, आपल्याला बघायला सगळी अंगणात येतात.

मेहुण्याने विमानांचं वेळापत्रक छापून आणलं आणि दाराच्या चौकटीला चिकटवलं. आवाज झाला की सासूबाई नातवाला विचारायच्या, "बघ रे, आता कुठलं?" तो म्हणायचा, "हैदराबाद." मग त्या काठी टेकून बसायच्या. आठवडाभर व्यवस्था उत्तम चालली. पापड एकदाही आत आले नाहीत. सासूबाई आवाजावरून म्हणायला लागल्या, "ही दिल्ली. आज उशीर झाला."

मग मेच्या मध्यावरचा तो शनिवार. दुपारी तीनचा सुमार, मी ओटीवर बसून दिवसाच्या फोटोची वाट बघत होतो. सह्याद्रीच्या बाजूने गडगड झाली.

"आई, पाऊस," मी म्हटलं.

"मुंबई," सासूबाई म्हणाल्या.

परत गडगड.

"दोन विमानं."

तिसऱ्या खेपेला मुंबई आमच्या खळ्यातच कोसळली. थेंब नव्हे, बोरं. घरभर एकच ओरडा. सौ. सोलांकडे, मेहुणी मिरच्यांकडे, मेहुणा चपलेकडे. मी मात्र ओळखलं की हाच तो फोटो. न ठरवलेला, न हसलेला, साडी न बदललेला! फोन काढला.

"अहो, तो मेला फोन ठेवा आणि दाळी धरा!"

मी दोन्ही करायचं ठरवलं. डाव्या हाताने दाळीचं टोक, उजव्या हातात फोन. तिघं दाळी सरळ उचलत होते, माझं टोक खाली होतं. दोनशे पापड सावकाश, शिस्तीने, एकामागून एक माझ्याकडे यायला लागले आणि माझ्या पायाशी लाल चिखलात उतरले. त्या क्षणी माझा अंगठा बटणावर पडला, यापूर्वी तो कधी तिथे पडला नव्हता.

फोटो अप्रतिम आला. सगळं धूसर, फक्त एक पापड हवेत, काठावर पावसाचे थेंब, मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. आणि कोपऱ्यात सासूबाई, पदर खांद्यावर, केस सुटलेले, तोंड उघडं, काठी सरळ माझ्या दिशेला. लेकीने लगेच कळवलं, "बाबा!!! सगळ्यांत भारी!" सासूबाई माझ्याशी दोन शनिवार बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, पण पापड न विचारता.

पण मला खरं महागात पडलं ते हे फोटो साठत गेले म्हणून. आमच्या घरात आजवर भांडणं आठवणीवर चालायची, त्यामुळे ती बरोबरीत सुटायची. आता पुरावा जमा झाला होता. "छत्री मी गाडीत ठेवली होती." "दाखवा 14 तारखेचा." फोटोत छत्री खुंटीला. "मी साखरेला कधी हात लावला?" "बघा 22 तारीख, मागे ओटा बघा."

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मी आंब्यांचा फोटो काढला होता. पेडण्याहून आलेले मानकुराद, माजघरात गवतावर लावून ठेवलेले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गोव्यात मानकुरादाला आंबा म्हणत नाहीत. बाकीचे आंबे, हा मानकुराद. मोसमाच्या सुरुवातीला त्याचा भाव विचारणं हाच एक खर्च असतो. मला डॉक्टरांनी दिवसाला एक फोड सांगितली आहे. चार दिवसांनी सौ. त्या गवतासमोर उभी राहून मोजत होती.

"एकवीस आहेत. तीस होते."

"एकवीसच असतील," मी म्हटलं. "तुला आठवत नसेल."

ती काही बोलली नाही. तिने फोन उघडला, फोटो मोठा केला आणि बोटाने एकेक मोजला. तीस. मी म्हटलं, मुलाने खाल्ले असतील. तिने त्याचे फोटो लावले. मुलगा झोपलेला. मुलगा झोपलेला. मुलगा झोपलेला, केस विंचरून. मग 2 मेचा फोटो लावला. तो मी रात्री काढला होता, लाईट गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात, स्टीलच्या पिंपाचा. कलात्मक म्हणून. पिंपाच्या पोटात सगळं माजघर वेडंवाकडं दिसत होतं आणि मधोमध मी. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बाठ.

"ही कलाकृती लेकीला गेली?"

"गेली."

"ती काय म्हणाली?"

ती म्हणाली होती, "उजेड छान पकडलाय." तिने मला पकडलं नव्हतं याचा मला तोवर आनंद होता. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला सौ. फोन घेऊन आली. डॉक्टरांनी पिंप मोठं करून पाहिलं आणि फोड अर्धी केली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून तर पाऊस थांबलाच नाही. केरळात मान्सून 24 मेला पोहोचला, 2009 नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी रविवारी तो गोवा ओलांडून वर देवगडपर्यंत गेल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. पंचांगाप्रमाणे वसंत संपायला दोन दिवस बाकी होते. माझेही दोन फोटो बाकी होते. ते मी छत्रीखालून काढले. एकात छत्री आहे. दुसऱ्यात दुसरी छत्री.

जूनमध्ये लेक आली. तिने 59 च्या 59 फोटो कागदावर छापून वहीत चिकटवून आणले होते. पेडण्याला ओटीवर सगळे जमले. बाहेर पाऊस, आत वही हातोहात फिरत होती आणि प्रत्येक जण फक्त स्वतःला शोधत होता. मेहुण्याला स्वतःची पाठ तीनदा सापडली. शेवटी वही सासूबाईंकडे गेली. त्यांनी चष्मा पुसला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सावकाश पाहिलं, आणि मग मागे येऊन पापडाच्या फोटोवर बोट ठेवलं.

"ही कोण?"

"आजी, तूच!" लेक म्हणाली. "हाच सगळ्यांत चांगला आहे. हाच मोठा करून घेऊ."

सासूबाईंनी भिंतीवरच्या सासऱ्यांकडे पाहिलं, खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं.

"ह्यात मी जावयाला शिव्या घालते," त्या म्हणाल्या. "हार घालून लावलात तर येणारा-जाणारा विचारील, मरताना कुणावर एवढी रागावलेली म्हणून." त्यांनी वही मिटली. "एकही बरा नाही. पुढच्या वर्षी परत काढा. तोवर आहे मी."

मी मान डोलावली. आभाळात कुठेतरी गडगड झाली. कुणीच उठलं नाही.

"आणि दाळीला हात लावू नका," सासूबाई म्हणाल्या.